खाकरणं

मेकअपवाल्याने सफेद्याची डबी उघडली, रूपचंदच्या कानशिलाकडे पाहिलं आणि डबी पुन्हा मिटली. झालं एवढंच. "आज नको, पाटीलसाहेब. आज असेच चला," असं तो अगदी सहज बोलला आणि नायिकेच्या आरशाकडे निघून गेला. त्याच्या दृष्टीने एक काम वाचलं होतं. रूपचंद मात्र खुर्चीतून उठला नाही. गेली कितीतरी वर्षं तो पडद्यावर म्हातारा होत आला होता. सत्ताविशीत पहिल्यांदा बाप झाला तो स्वतःपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या नायकाचा, आणि तेव्हापासून रोज सकाळी केसांना सफेदा, डोळ्यांखाली काळं, ओठांवर डिंकाने चिकटवलेली मिशी. संध्याकाळी खोबरेल तेलाचा बोळा फिरवला की सगळं उतरायचं आणि खालून रूपचंद निघायचा. मग तो कोपऱ्यावरच्या इराण्याकडे जाऊन चहा प्यायचा आणि कुणी ओळखत नाही म्हणून त्याला बरंही वाटायचं, वाईटही वाटायचं. आज आरशात समोर त्याचा बाप, उखा पाटील, बसला होता. तोच जडावलेला खालचा ओठ, तीच डावी भुवई, किंचित उचललेली, समोरच्याचं म्हणणं पटत नसल्यासारखी. रूपचंदने टेबलावरचा तेलाचा बोळा उचलला, गालावरून फिरवला आणि पाहिला. बोळा स्वच्छ होता.

नट व्हायला तो घरातून निघाला तेव्हा बाप व्हायला निघाला नव्हता, हे सांगायला नकोच. शहाद्याला मुक्कामाला आलेल्या नाटक कंपनीमागे तो पळाला तेव्हा डोक्यात राजपुत्र होता, तलवार होती, झालंच तर एखादी मैना होती. तलवार मिळाली, पण राजपुत्राच्या मागे धरायची. बायको पहिल्याच बाळंतपणात बाळासकट गेलेली, पुन्हा कुणी विषय काढला नाही, त्यामुळे पळून जाणं तसं सोपं झालं. कंपनी मोडली, मग पुणं, मग मुंबई. स्टुडिओच्या फाटकाशी उभं राहायचं, गर्दीत हात वर करायचा, मशाल धरायची. एके दिवशी बापाचं काम करणारा नट आलाच नाही आणि दिग्दर्शकाने चिडून गर्दीवर नजर टाकली, म्हणाला, कुणाला म्हाताऱ्यासारखं चालता येतं का. रूपचंद पुढे झाला. त्याला एकच म्हातारा चालून दाखवता येत होता. लोणखेड्याच्या शिवारातून कपाशीच्या ओळी पायाखाली न तुडवता, गुडघे जरा बाहेर काढून, हात पाठीमागे बांधून चालणारा त्याचा बाप. तो तसा चालला आणि त्याचं पोट चालू झालं. पुढे मग बापाचं एकेक काय काय लागत गेलं. भाकरीचा पहिला तुकडा मोडून ताटाच्या कडेला गाईसाठी ठेवणं लागलं. पागोट्याचं टोक कानामागे खोचणं लागलं. राग आला की समोरच्याशी न बोलता बैलाशी बोलणं, तेही एका चित्रात खपलं, तिथे बैल नव्हता म्हणून घोड्याशी. गावाकडच्या विहिरीतून पाणी शेंदावं तसा तो बापाला शेंदत राहिला, आणि विहीर आटते हे त्याच्या गावीही नव्हतं.

आणि मग ते खाकरणं. घरात सुना वावरत असल्या की वडीलधाऱ्याने घरात शिरताना ओट्याशी थांबून खाकरायचं, म्हणजे आतल्या बायांना डोक्यावरून पदर ओढून घ्यायला, बाजूला व्हायला अवसर मिळतो. सासरा तर खाकरणारच, पण जेठानेही, म्हणजे थोरल्या दिरानेही, खाकरायचं, धाकट्या भावाची बायको असते म्हणून. लोणखेड्यात कुठल्याही आळीतून संध्याकाळी चालत गेलं तर हे ऐकू यायचं; प्रत्येकाचं वेगळं, आणि प्रत्येक घर आपापल्या माणसाचं ओळखायचं. उखा पाटलाचं दोन तुकड्यांचं होतं. आधी एक छोटं, घशातल्या घशात, स्वतःशीच परवानगी मागितल्यासारखं. मग अंमळ थांबून दुसरं, मोठं, छातीतून. त्या दोहोंच्या मधल्या जागेत घर सावरून बसायचं. बांगड्या वाजायच्या, पदर सरकायचे, चुलीपुढची लाकडं आत ढकलली जायची आणि माय, भिकुबाई, पाण्याचा तांब्या घेऊन उठायची. "ऊनात का?" ती आतून विचारायची, म्हणजे आलात का. उत्तर कधी यायचं नाही, ते खाकरणं हेच उत्तर. लहानपणी रूपचंदला वाटायचं की बाप आत येतो तो पायांनी येतच नाही, त्या आवाजातूनच येतो; पाय नंतर मागून येतात. ही गोष्ट त्याला फार आवडायची. इतकी आवडायची की ती त्याने विकली.

चित्र विनोदी होतं. कंजूष बाप, त्याची मुलगी, आणि मुलीला चोरून भेटायला येणारा नायक. बाप येतोय हे त्या दोघांना कसं कळावं, यावर दिग्दर्शकाचं घोडं अडलं होतं. कुणी म्हणालं कुत्रं भुंकू दे, कुणी म्हणालं काठीचा आवाज. रूपचंद सेटच्या दाराबाहेर गेला आणि तिथून खाकरला. आधी छोटं, मग थांबून मोठं. सगळा सेट खो खो हसला. त्या मधल्या जागेत नायक कणगीत उडी मारायचा, मुलगी जातं ओढायला बसायची. चित्रात बाप सात-आठ वेळा तरी आला असेल, दर वेळी थिएटर डोक्यावर घेतलं जायचं. रूपचंदला पहिल्यांदाच रस्त्यात लोक ओळखू लागले, तेही चेहऱ्याने नव्हे. टॅक्सीवाला वळून म्हणायचा, साहेब, एकदा करा ना. पुढच्या प्रत्येक चित्रात निर्माता सांगायचा, बाकी काही करा, पण ते तुमचं खाकरणं टाका. तुमचं, असं म्हणायचे. रूपचंदने कुणालाही दुरुस्त केलं नाही.

ते चित्र शहाद्याला आलं ते इंदरचंदच्या तंबूत. इंदरचंद कापडाचा व्यापारी, सुगी संपली की तंबू लावून सिनेमा दाखवायचा, आणि माणूस मनाने चांगला. अडचण तीच झाली. आपल्या मुलखातला नट, त्याच्या बापाचा मान व्हायला नको का, म्हणून त्याने स्वतः लोणखेड्याला सजवलेली बैलगाडी पाठवली. उखा पाटलाला नवं पागोटं बांधलं, गळ्यात हार घातला आणि पुरुषांच्या बाजूला सगळ्यांच्या पुढे लाकडी खुर्चीवर बसवलं. सारा गाव मागे सतरंजीवर. कापडाच्या आडोशापलीकडे बायका, त्यांच्यात भिकुबाई आणि धाकटी सून, म्हसावदची रंजनाबाई. रूपचंद तिथे नव्हता, पण धाकट्या भावाने, हिंमतरावाने, पुढे तुकड्या तुकड्याने सांगितलं त्यावरून त्याने तो तंबू इतक्या वेळा मनात उभा केला होता की आता त्याला तिथल्या पेट्रोमॅक्सचा वासही यायचा. चित्र सुरू झालं. पडद्यावर उखा पाटील चालत आला. गावाला कळायला थोडा वेळ लागला, आणि मग कळलं. पडद्यावरच्या बापाने भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला, लोक हसले आणि खुर्चीकडे बघू लागले. मग दारापाशी ते पहिलं छोटं खाकरणं झालं आणि बायकांच्या बाजूला रंजनाबाईने, काही कळायच्या आत, डोक्यावरून पदर ओढून घेतला. शेजारणीने ते पाहिलं. हसू तिथून जे उसळलं ते आडोसा ओलांडून पलीकडे गेलं. नंतर बाप पडद्यावर जितक्या वेळा खाकरला तितक्या वेळा अर्धा गाव पडद्याकडे आणि अर्धा खुर्चीकडे बघत हसला. उखा पाटील शेवटपर्यंत बसून राहिला. मध्येच उठून जाणं म्हणजे इंदरचंदचा अपमान झाला असता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेतातून आल्यावर तो ओट्याशी थांबला आणि खाकरला. आधी छोटं. त्या मधल्या जागेत, जिथे इतकी वर्षं बांगड्या आणि पदर वाजत आले, तिथे रंजनाबाईला हसू फुटलं. तिने तोंडावर हात दाबला, पण ते बोटांमधून निसटलं. मुद्दाम नव्हतं ते. पोर होती, आदल्या रात्रीचं पोटात राहिलेलं होतं. बाहेर दुसरं खाकरणं झालंच नाही. पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या भिकुबाईला ओट्यावर कुणी दिसलं नाही. म्हातारा गावाबाहेरच्या खळ्यावर जाऊन बसला होता, आणि त्या दिवसापासून तिथेच राहिला. जेवण तिथे जाऊ लागलं. आळीतली पोरं त्याला बघून खाकरायची म्हणून तो दिवसा गावात येईना. मग चालणं बदललं, पाय ओढत चालू लागला. पागोटं सोडून डोक्याला नुसता पंचा. भाकरीचा पहिला तुकडा सरळ तोंडात. हिंमतराव हे सांगताना मध्येच थांबून म्हणाला होता की आता खळ्यावर कोण बसतं तेच समजत नाही, बाबांसारखं त्याच्यात काहीच उरलं नाही. रूपचंद मध्ये एकदा, धावतपळत, भेटायला गेला होता. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाठ केली आणि तो जाईपर्यंत भिंतीकडे बघत राहिला. मुंबईला परतल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने एका चित्रात, मुलावर रुसलेल्या बापाचं काम करताना, कॅमेऱ्याकडे पाठ केली. दिग्दर्शकाने पाठीवर थाप मारली. रूपचंदला त्या वेळी स्वतःची किळस आली, आणि पुन्हा घ्यायला सांगितलं तेव्हा त्याने तीच पाठ पुन्हा केली, आणखी नेमकी.

तर असा हा माणूस आरशासमोर स्वच्छ बोळा हातात घेऊन बसला होता. आजच्या चित्रात त्याला मरायचं होतं. आजवरच्या कामांत हे सर्वांत मोठं, हसू नाही, गंमत नाही, खाटेवर पडलेला बाप आणि लांबलचक मरण. दिग्दर्शक नव्या वळणाचा, म्हणाला होता, मला नट नको, खरं काहीतरी आणा. आणि कालच इंदरचंदचा मुलगा अमृतलाल कापडखरेदीला आलेला भेटून गेला होता, सांगत होता की तुमच्या बाबांनी अन्न सोडलंय, खळ्यावरच पडून आहेत, घरी यायला तयार नाहीत. या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि त्यांना एकमेकींपासून वेगळं करणं त्याला जमत नव्हतं. बापाने एकदा आपल्याकडे तोंड करावं, आणि मरायच्या आधी आपल्या पायांनी घरात यावं, एवढंच त्याला हवं होतं. एवढंच हवं होतं का, हे मात्र तो स्वतःला विचारत नव्हता. चार दिवसांची मुदत मागून तो निघाला. गाडीत खिडकीच्या काचेत उखा पाटील त्याच्याबरोबर प्रवास करत होता. नंदुरबारला उतरेपर्यंत त्याने खिडकीकडे बघायचं टाळलं. पुढे शहाद्याच्या मोटारीत तापी ओलांडताना शेजारच्या शेतकऱ्याने त्याला निरखून पाहिलं, आणि तुम्ही लोणखेड्याच्या उखा पाटलाचे कोण, असं विचारलं. पडद्यावर पाहिलंय, असं तो म्हणाला नाही.

घरी तो खाकरला नाही. दुपारचा, सरळ आत गेला, आणि रंजनाबाई उघड्या डोक्याने दाणे निवडत बसली होती ती दचकून दाराआड झाली. जेठ असा न सांगता आत येतो हे तिला कुठून माहीत असणार. जेठ घरात राहिलाच कधी होता. भिकुबाईने त्याचा हात हातात घेतला, चेहऱ्यावरून बोटं फिरवली, आणि कानशिलाच्या पांढऱ्या केसांशी आल्यावर बोटं थांबली. "तू भी डोकरा जया रे," ती म्हणाली. मग तिने ताट वाढलं. तो जेवत असताना दाराआडून रंजनाबाई सासूशी बोलल्यासारखी, पण त्याला ऐकू जाईल अशी बोलली. जेठाशी ती थेट बोलू शकत नव्हती. "बाबासले सांगा, हासनी व्हती ती मी. राग मन्हावर काढा, पन घरमा या." इतकी वर्षं हे वाक्य तिने सांभाळून ठेवलं होतं, हे आवाजावरून कळत होतं. त्या घरात आपण सोडून आणखी कुणी अपराधी असेल हे रूपचंदच्या कधी मनातही आलं नव्हतं, आणि त्याला तिचा हेवा वाटला. तिचा अपराध एका हसण्याएवढा होता.

खळ्यावर कपाशीच्या गंजीशेजारी खोली, खोलीत बाज, बाजेवर घोंगडीखाली म्हातारा. दिवस थंडीचे, खोलीत सरकीचा आणि माणसाचा वास कोंडलेला. रूपचंद पायाशी बसला. तोंड भिंतीकडेच होतं. त्याने रंजनाबाईचं म्हणणं सांगितलं, मायचं सांगितलं. स्वतःचं सांगायला तोंड उघडलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की क्षमा मागण्याची जितकी वाक्यं त्याला येतात ती सगळी त्याने आधी कुठे ना कुठे बोलून टाकली आहेत, आणि प्रत्येक वाक्याला कॅमेरा कुठे होता तेही त्याला आठवतंय. म्हणून तो नुसतं म्हणाला, "बाबा, घर चला." मग घोंगडी हलली आणि म्हाताऱ्याने तोंड वळवलं. एवढ्या वर्षांनी वळवलं. रूपचंदला वाटलं होतं तिथे राग असेल. राग असता तर बरं झालं असतं. उखा पाटील त्याच्याकडे, त्याच्या पांढऱ्या कानशिलाकडे, उचललेल्या भुवईकडे बघत होता, बाजारात आपलाच हरवलेला बैल दुसऱ्याच्या दावणीला दिसावा आणि आता भांडायचं त्राण नसावं, तसा. "घरमा कसा येऊ?" तो म्हणाला. "खाकरनू तं लोके हासतस. न खाकरता येवाले मी काय चोर शे का?" आणि पुन्हा भिंतीकडे वळला. तेवढंच बोलला, आणि त्यानंतर कुणाशीच काही बोलला नाही.

हिंमतराव म्हणाला, खाटेसकट उचलून नेऊ. रूपचंद नको म्हणाला. बाप आयुष्यभर ज्या दारातून मानाने गेला तिथून त्याला सामानासारखा न्यायचा, हे त्याला सोसवेना. कदाचित न्यायला हवं होतं. त्याची मुदत संपली, तो गेला नाही. दिवसभर तो बाजेशी बसून राहायचा आणि बसल्या बसल्या एक भयंकर गोष्ट त्याच्या ध्यानात आली. तो बघत होता. म्हाताऱ्याची बोटं घोंगडीवरची न दिसणारी कुसळं वेचत होती, कपाशी वेचावी तशी, अंगठा आणि दोन बोटं, आणि रूपचंदची बोटं मांडीवर तेच करत होती. श्वास अडकायचा, मग सुटताना खालचा ओठ थरथरायचा, आणि त्याच्या आत कुणीतरी शांतपणे म्हणायचं, ओठ आधी, मग हनुवटी. त्याने बोटं मांडीखाली दाबून धरली. डोळे मिटून पाहिले, तर मिटल्यावर अधिकच नेमकं दिसायचं. शेवटी त्याने असं केलं की बाजेकडे पाठ केली आणि दाराकडे तोंड करून बसला. हे तरी बापाचं बापाकडे राहू दे, एवढं तरी आपण न्यायचं नाही, असं त्याने ठरवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण मुलगा म्हणून काहीतरी करतोय असं त्याला वाटलं. दारातून खळं दिसत होतं, ऊन दिसत होतं, लांब सातपुड्याची निळसर रेघ. मागे श्वास चालू होता. एक गाय आली, गंजीला तोंड लावून गेली. तिला हाकलावं की नाही याचा विचार करताना त्याला जाणवलं की मागे बराच वेळ आवाज नाही. वळून पाहिलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. चेहरा भिंतीकडे नव्हता. म्हाताऱ्याने केव्हा तरी तोंड दाराकडे, म्हणजे त्याच्याकडे, वळवलं होतं. डोळे उघडे होते आणि समोर त्यांना मुलाची पाठ दिसली होती.

नदीकाठी सगळं उरकायला दिवस कलला. लाकडं ओली होती, धूर फार झाला. परत येताना लोक दोन पावलं मागे राहून चालत होते आणि चित्रांविषयी कुणीही अवाक्षर काढलं नाही. लोणखेड्यात शिरल्यावर तो पुढे, हिंमतराव मागे, मग बाकीचे. दारात लिंबाचा पाला आणि पाण्याची घागर ठेवलेली होती. रूपचंदने पाय धुतले, पाला दाताखाली धरला, आणि तो कडू रस घशात उतरताच दिवसभराचा धूर वर आला. आधी छोटं, घशातल्या घशात. त्याने ते दाबायचा प्रयत्न केला, अगदी जिवाच्या आकांताने केला, आणि म्हणूनच मध्ये अंमळ थांबल्यासारखं झालं. मग दुसरं, मोठं, छातीतून.

आत घर हललं. बांगड्या वाजल्या, रंजनाबाईच्या, पदर सरकला. भिकुबाईच्या हातात सकाळपासून बांगड्या नव्हत्या, त्यामुळे तिचं उठणं ऐकू आलं नाही, फक्त तांब्या घागरीला लागल्याचा आवाज आला आणि नेहमीचा, घाईचा, जरा वैतागलेला प्रश्न आला.

"ऊनात का?"

आणि मग आतला सगळा आवाज एकदम थांबला. रूपचंद ओट्याशी उभा होता. जेठ म्हणून हे खाकरणं आता त्याच्या हक्काचं होतं, आणि धूर खरा होता, घसाही त्याचाच होता, हे तो सांगू शकला असता. पण सांगायला तोंड उघडलं तर आवाज कुणाचा निघेल याची त्याला खात्री नव्हती. मागे हिंमतराव थांबला होता, त्याच्या मागे अख्खी आळी थांबली होती, तंबूतलीच माणसं. दारातून अर्धी बाहेर आलेली माय हातात भरलेला तांब्या घेऊन त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिला तो पुढे करताही येईना, खाली ठेवताही येईना.

कुणीही हसलं नाही.